लक्ष्मीविलासची बाग

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याच्या रेसिडेन्सीत इंग्रज रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेयर सकाळचा फेरफटका मारून परतले आणि रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा पेला त्यांनी तोंडाला लावला. दोन-तीन घोट घेतले आणि कसंसंच वाटलं म्हणून उरलेलं सरबत त्यांनी बाहेर ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. फेयरसाहेब आणि महाराज मल्हारराव गायकवाड यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य सगळ्या शहराला ठाऊक होतं, त्यामुळे संशय कुणावर जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

चौकशीसाठी सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज, तीन हिंदी. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे होते. मल्हाररावांच्या बचावासाठी थेट विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आणला गेला. निकाल दुभंगला: तिघा इंग्रजांना महाराज दोषी वाटले, तिघा हिंदी सभासदांना आरोप शाबीत झालेला वाटला नाही. मग सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभाराचं कारण देऊन एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून उतरवलं. त्यांना मद्रासला धाडलं गेलं. १८८२ मध्ये ते तिथेच वारले.

बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पाहायला जाणाऱ्याने हा पेला आधी ध्यानात घ्यावा, असं मला वाटतं. त्याशिवाय एवढा प्रचंड वाडा जुन्या शहराच्या बाहेर, मोकळ्या माळावर का उभा राहिला हे नीट कळत नाही.

गादी रिकामी झाली. मल्हाररावांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाडांची एक शाखा नाशिक जिल्ह्यात, मालेगावजवळच्या कवळाणे गावी शेतीवर गुजराण करत होती. तिथून काही मुलं बडोद्याला आणली गेली. त्यांना इथे कशाला आलात असं विचारलं तेव्हा बारा वर्षांच्या गोपाळने राज्य करायला आलो असं बेधडक सांगितलं, ही आख्यायिका मराठी घरांत अजून सांगतात. २७ मे १८७५ रोजी त्याचं दत्तविधान झालं आणि कवळाण्याचा गोपाळ सयाजीराव गायकवाड झाला. अक्षरओळखही नसलेल्या त्या मुलासाठी एफ. ए. एच. इलियट यांच्या हाताखाली खास शाळा सुरू झाली. कारभार राजा सर टी. माधवराव यांच्याकडे आला. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले हे मुत्सद्दी. त्रावणकोर आणि इंदूर या दोन संस्थानांची दिवाणगिरी करून ते बडोद्याला आले होते.

माधवरावांपुढे दोन कामं होती. बिघडलेला कारभार रुळावर आणायचा आणि एका शेतकरी मुलातून राजा घडवायचा. लक्ष्मीविलास ही याच कामाची दगडातली बाजू होय. शहराच्या दाटीतला जुना सरकारवाडा आणि मल्हाररावांच्या ऐषआरामाशी जोडला गेलेला नजरबाग वाडा, या दोन्हींपासून नव्या राजाला दूर न्यायचं होतं. १८७८ च्या सुमारास आराखडे ठरू लागले तेव्हा सयाजीराव पंधरा वर्षांचे होते. वाडा कसा असावा हे त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. १८८१ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती राज्याचे पूर्ण अधिकार आले तेव्हा भिंती वर येऊ लागल्या होत्या. म्हणजे वाडा त्यांच्यासाठी इतरांनी योजला. बागेचं तसं नाही. तिच्यात आणि तिच्या मागोमाग राज्यात लावलेल्या झाडांत त्यांची स्वतःची निवड दिसते. सयाजीरावांना समजून घ्यायचं असेल तर दरबार हॉलपेक्षा बागेत जास्त वेळ थांबावं.

तरीही वाड्याला वगळून पुढे जाता येत नाही. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरकरांना हे नाव परकं नाही, कारण तिथला नवा राजवाडा आणि टाउन हॉल त्यांच्याच हातचे. मँट १८८१ मध्येच गेले आणि काम रॉबर्ट फेलोज चिझम यांनी पुरं केलं. मद्रासचं सिनेट हाउस चिझम यांचं; बडोदा कॉलेजचा तो भला थोरला घुमटही त्यांचाच. वाडा १८९० मध्ये तयार झाला आणि खर्च त्या काळचे सुमारे २७ लाख रुपये सांगितला जातो. पुण्याकडचा काळा-निळा दगड, सोनगडचा पिवळसर दगड, राजस्थान आणि इटलीचा संगमरवर असा सगळा माल एकत्र आला. राजपूत छज्जे, मोगल कमानी, गुजराती कोरीवकाम, व्हेनिसची आठवण देणारे सज्जे: मँट यांनी सगळं एका दर्शनी भिंतीत बसवलं. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा डोळा कुठे ठरत नाही. जरा लांब, हिरवळीच्या कडेला जाऊन पाहिलं की तीन भाग वेगळे दिसू लागतात: दरबाराचा, महाराजांच्या राहण्याचा आणि जनान्याचा.

दरबार हॉलमध्ये व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली मोझेकची फरशी आहे, बेल्जियमच्या रंगीत काचांच्या खिडक्या आहेत आणि वर जाळीआडून दरबार पाहण्यासाठी स्त्रियांचे सज्जे आहेत. याच फरशीवर पुढे मैफली झाल्या. इटालियन शिल्पकार ऑगस्टो फेलिची यांनी बडोद्यात राहून केलेल्या मूर्ती वाड्यात जागोजागी भेटतात. नव्या वाड्यासाठी राजा रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली गेली. ती आधी लोकांना पाहायला मिळाली आणि त्यांच्या छापील प्रतींची मागणी वाढत गेली. रविवर्म्याच्या मुंबईकडच्या छापखान्यामागे हेही एक कारण आहे. आपल्या आजी-पणजींच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती ज्या वाटेने घरोघर पोचली, त्या वाटेवर बडोद्याचा हा टप्पा आहे.

आता बाग.

वाड्याभोवतीची जमीन मुळात सातशे एकरांच्या आसपास होती. या जमिनीचं काय करायचं हे ठरवण्यासाठी विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानकाराची योजना झाली. लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानात त्यांनी काम केलं होतं आणि उद्यानविद्येच्या एका प्रसिद्ध साप्ताहिकाच्या संपादनातही त्यांचा हात होता. सयाजीराव १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले आणि नंतर जातच राहिले. तिकडच्या बागा त्यांनी पाहिल्या होत्या. गोल्डरिंगनी बडोद्यात जे केलं ते त्या इंग्रजी परंपरेतलं होतं आणि आपल्याकडच्या राजबागांपेक्षा फार वेगळं होतं.

आपल्याकडची राजबाग आखीव. मोगलांची चारबाग पाण्याच्या पाटांनी चौकोनांत कापलेली असते. मधोमध हौद, चारी बाजूंना वाफे, प्रत्येक रेघ सरळ. पेशव्यांच्या शनिवारवाड्यातही हजारी कारंजं हा बागेचा मध्य होता आणि बाग वाड्याच्या भिंतींच्या आत होती. मराठी वाड्याच्या मागची बाग तर पूजेच्या फुलांची, तुळशीची, लिंबाची; तिच्यात फिरायला जायचं नसतं, तिच्यातून काही खुडून आणायचं असतं. गोल्डरिंगची बाग यातलं काहीच करत नाही. तिच्यात सरळ रस्ता टाळलेला असतो. वाट वळते, झाडांचा एक पुंजका वाडा झाकतो, पुढच्या वळणावर एकच मनोरा दिसतो, पुन्हा झाडं येतात आणि मग अचानक मोठी हिरवळ उघडते आणि तिच्यापलीकडे सगळा वाडा उभा असतो. बाग कुठे संपते ते कळू द्यायचं नाही, हा या पद्धतीचा मुख्य नियम. कुंपण झाडीत बुडवतात. समोरच्या भागात कारंजं आणि फुलांचे आखीव वाफे आहेत, पण ते वाड्याच्या पायाशी. लांब जाल तशी आखणी सैल होत जाते.

हे इंग्लंडात सोपं आहे, कारण तिथे वर्षभर पाऊस भुरभुरत असतो आणि गवत आपोआप हिरवं राहतं. बडोद्यात चार महिने पाऊस आणि वैशाखात चाळीस अंशांच्या वरचं ऊन. अशा ठिकाणी हिरवळ राखायची तर आधी पाणी हवं. आवारातच नवलखी वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची, गुजरातच्या सुलतानांच्या काळची. पायऱ्या उतरत गेलं की दगडी मजले एकाखाली एक लागतात. वाड्याहून जवळजवळ पाचशे वर्षं जुनी ही वाव गोल्डरिंगच्या बागेत सामावली गेली, ती बुजवली गेली नाही, याचं मला फार मोल वाटतं. आणि वाडा उभा राहत होता त्याच वर्षांत सयाजीरावांनी शहराच्या पूर्वेला आजव्याचा मोठा तलाव बांधून घेतला. त्या कामाचे इंजिनियर जगन्नाथ सदाशिवजी हे मराठी गृहस्थ. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला आजव्याचं पाणी नळाने बडोद्याच्या घरांत आलं. वाडा पुरा होणं आणि शहराला पाणी मिळणं या दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या, हे वाड्याच्या माहितीत क्वचितच सांगितलं जातं. आजव्याचा तलाव आजही शहराला पाणी देतो.

१८९३ मध्ये सयाजीरावांनी आणखी एक माणूस आणला. गुस्ताव हर्मान क्रुंबिगल, ड्रेस्डेनच्या बाजूचा जर्मन. लंडनच्या हाइड पार्कमध्ये फुलांचे वाफे सांभाळून तो क्यूला गेला होता आणि तिथून बडोदा संस्थानच्या उद्यानांचा प्रमुख म्हणून इकडे आला. तिशी न गाठलेल्या या तरुणाने पंधरा वर्षं बडोद्याच्या नोकरीत काढली. राजाच्या बागेपुरतं त्याचं काम नव्हतं, संस्थानातली सार्वजनिक उद्यानंही त्याच्याकडे होती. इथल्या उन्हात काय तगतं, कोणतं झाड कोणत्या महिन्यात फुलतं, परदेशी रोप आपल्या मातीत कसं रुजवायचं, हे तो इथे शिकला. १९०८ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी त्याला मागून घेतलं आणि तो बंगळूरच्या लालबागेत गेला. बंगळूरच्या रस्त्यांवर एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू होतो, अशी झाडांची मांडणी त्याची. १९५६ मध्ये तो बंगळुरातच वारला, आणि लालबागेजवळच्या एका रस्त्याला त्याचं नाव आहे. बंगळूर त्याला आपला मानतं. बडोद्यात मात्र त्याचं नाव फारसं कानावर येत नाही. त्याने ज्या मातीत हात घातला ती आधी बडोद्याची होती, हे आपण विसरू नये.

या बागेची गोष्ट सांगताना १८९९-१९०० सालाचं तोंड चुकवून चालणार नाही. संवत १९५६ चा तो छप्पनिया दुष्काळ. गुजरातला दुष्काळाची सवय नव्हती. इथली जमीन कसदार, पाऊस भरवशाचा. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. गुरं मेली, मग माणसं. भुकेमागोमाग पटकी आली. १८९१ च्या खानेसुमारीत बडोदा संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. दहा वर्षांत साडेचार लाखांहून जास्त माणसं कमी झाली. सयाजीरावांनी दुष्काळी भागाचा दौरा केला आणि त्या दौऱ्यावरची त्यांची टिपणं १९०१ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाली. त्यांनी कामं काढली, सारा सोडला, विहिरींना पैसा दिला. तरीही आकडे आहेत ते आहेत. राजाची हिरवळ आणि कडी-अमरेलीकडची करपलेली शेतं एकाच संस्थानात होती, आणि वाड्याच्या आवारात फिरताना ही दुसरी बाजू मला तरी सोडत नाही.

सयाजीरावांच्या राज्यात शहराला स्वतःची बागही होती. विश्वामित्री नदीच्या काठी १८७९ मध्ये, म्हणजे अजून माधवरावांच्याच कारभारात, कमाटीबाग उभी राहिली. शंभर एकरांहून मोठी, सगळ्यांना खुली. राज्य हाती आल्यावर सयाजीरावांनी ती वाढवली, तिच्यात संग्रहालयाची इमारत बांधली आणि १८९४ मध्ये ते संग्रहालय तयार झालं. राजवाड्यातल्या वस्तू जनतेने पाहाव्यात यापेक्षा त्यांचा विचार पुढचा होता. जगभरच्या वस्तू सामान्य माणसाला त्याच्या फिरायच्या जागी पाहायला मिळाव्यात, म्हणून त्यांनी चित्रं, शिल्पं, प्राण्यांचे सांगाडे असं सगळं जमवलं. अमरेलीत १८९३ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, पुढे १९०६-०७ मध्ये तो सगळ्या संस्थानभर, मग गावोगावची वाचनालयं, या सगळ्याच्या रांगेत कमाटीबाग बसते. नावही लोकांचंच राहिलं. कागदोपत्री सयाजीबाग झाली तरी बडोदेकर आजही कमाटीबागच म्हणतात.

दोन्ही बागांमध्ये देवाणघेवाणही होत राहिली. लक्ष्मीविलासच्या आवारात राजपुत्रांसाठी एक छोटी आगगाडी होती. वाड्यापासून मुलांच्या शाळेपर्यंत ती आंब्याच्या झाडांतून जायची. ती शाळा म्हणजे आजचं महाराजा फतेसिंग म्युझियम. रविवर्म्याची चित्रं पाहायची ती इथेच. पुढे ती आगगाडी कमाटीबागेत आली आणि बडोद्याच्या दोन-तीन पिढ्यांच्या लहानपणात जाऊन बसली.

पण बाग सगळ्यांना खुली केली म्हणून शहर खुलं होत नाही. १९१३ मध्ये सयाजीरावांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली होती. तिच्या करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. अस्पृश्य म्हणून हिंदू खानावळी त्यांना बंद होत्या. शेवटी पारशी नावाने ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. बंगला मिळावा म्हणून त्यांनी महाराजांकडे अर्ज केला होता. तो दिवाणांकडे गेला आणि तिथे अडकला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेले. दोन मित्रांकडे विचारून झालं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी आपापल्या परीने नकार दिला. मुंबईची गाडी रात्री होती. मधले तास काढायला त्यांच्याकडे एकच जागा उरली, कमाटीबाग. तिथे ते कितीतरी वेळ बसून राहिले. ही हकीकत त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवली आहे.

सयाजीरावांच्या राज्याचं मोठेपण आणि त्याची हद्द, दोन्ही त्या संध्याकाळी त्या एका जागी होती. कुणालाही बसता येईल अशी बाग राजाने केली होती. त्याच राजाच्या हुकमाखालच्या शहरात त्याच्याच अधिकाऱ्याला एक खोली मिळत नव्हती. एरवी सयाजीरावांबद्दल अपार आदर असणाऱ्या माझ्यासारख्याला हे लिहिताना जड जातं, पण लक्ष्मीविलासची कथा यावाचून पुरी होत नाही.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत गेले. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. लक्ष्मीविलास गायकवाड घराण्याकडे राहिला आणि घराणं आजही तिथे राहतं. आवाराच्या एका भागात गोल्फचं मैदान आहे, मोतीबागेत क्रिकेट खेळलं जातं. तिकीट काढून दरबार हॉल, शस्त्रागार आणि चौक पाहता येतात. आत छायाचित्रं काढू देत नाहीत, त्यामुळे डोळ्यांनी नीट पाहिलं जातं, हे चांगलंच आहे. बाहेर हिरवळीवर मोर आणि वानरं निर्धास्त फिरतात. जायचं तर हिवाळ्यात जावं आणि सकाळी जावं; कललेल्या उन्हात सोनगडच्या दगडाचा पिवळा रंग खुलतो. वाड्याच्या दारात उतरून लगेच आत शिरण्याआधी हिरवळीच्या कडेने थोडं चालावं, म्हणजे गोल्डरिंगने वाडा कसा लपवला आणि कुठे उघडला हे पायांना कळतं.

आणि दुपारनंतर कमाटीबागेत जावं. अंतर फार नाही, रिक्षा सहज मिळते. संग्रहालय पाहून झालं की आंबेडकर बसले होते ती जागा कुणालाही विचारावी. संकल्पभूमी म्हटलं की लोक हात करून दाखवतात. त्या दिवसाच्या आठवणीसाठी दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे महाराष्ट्रातून माणसं येतात.